घरातला पसारा आणि मनातली भीती : माणसं वस्तू का साठवून ठेवतात?

शब-ए-बरात जवळ आली की आपल्या घरांत साफसफाईला सुरुवात होते. रमजान येण्याआधी घर लख्ख व्हावं अशी प्रत्येकाची इच्छा असते. माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, बॉक्स-पलंग उघडला जातो आणि नेमका तेव्हाच घरात वाद सुरू होतो. सून विचारते, "अम्मी, हे रिकामे डबे भंगारवाल्याला देऊ का?" सासूचं उत्तर ठरलेलं असतं, "रहने दे बेटा, काम आएगा."

श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे, मिठाईचे खोके, दहा वर्षांपूर्वीच्या निकाहच्या पत्रिका, बंद पडलेला मिक्सर, मुलांची पहिलीची पुस्तकं, सौदीहून आलेल्या कार्टनमधली अजून न उघडलेली ब्लँकेटं. यातलं बरंचसं सामान पुन्हा होतं त्या जागी जातं. बहुतेक घरांत हा वाद दोन दिवसांत मिटतो. काही घरांत मात्र तो मिटत नाही. सामान वाढत जातं, खोल्या भरत जातात, नमाजला मुसल्ला अंथरायलाही जागा उरत नाही आणि घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

अशा माणसाला आपण चटकन नावं ठेवतो. कोणी कंजूस म्हणतं, कोणी आळशी, कोणी हट्टी. मानसशास्त्राचा गेल्या तीस-चाळीस वर्षांतला अभ्यास मात्र वेगळं सांगतो. वस्तू न सोडण्यामागे बहुतेक वेळा भीती असते, एखादं दुःख असतं किंवा निर्णय घेताना मनाची होणारी कोंडी असते. हे कारण समजलं नाही तर आपण सामानाशी भांडायला जातो आणि घरातल्या माणसाला गमावून बसतो.

साठवण, साठेबाजी आणि आजार

आधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली म्हणजे शहाणपणाची साठवण. वर्षाचा तांदूळ भरणं, मिरची-मसाला करून ठेवणं, कोकणात पावसाळ्यासाठी सुकी मासळी आणि लाकूडफाटा जमवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. यात काही वावगं नाही. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ अलैहिस्सलाम सुकाळाच्या सात वर्षांतलं धान्य दुष्काळाच्या सात वर्षांसाठी राखून ठेवायला सांगतात, हा प्रसंग आपल्या सर्वांना माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचं धान्य-खजूर बाजूला ठेवत असत, अशी रिवायत सहीह बुखारीत आहे. छंद म्हणून नाणी, तिकिटं किंवा जुनी पुस्तकं जमवणारा माणूसही याच गटातला. त्याचा संग्रह नीट लावलेला असतो आणि तो अभिमानाने चार जणांना दाखवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे साठेबाजी. भाव वाढावा म्हणून लोकांच्या गरजेचा माल दाबून ठेवणं. फिकहच्या भाषेत याला इहतिकार म्हणतात. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये असं करणाऱ्याला गुनहगार ठरवलं आहे. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनचा काळाबाजार झाला तेव्हा हा प्रकार आपण डोळ्यांनी पाहिला. इथे हेतू नफ्याचा असतो.

तिसरी गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे. उपयोग असो वा नसो, वस्तू टाकून देताना माणसाला असह्य त्रास होतो. सामान इतकं साचतं की खोली ज्या कामासाठी आहे ते काम तिथे करता येत नाही. ओट्यावर स्वयंपाक होत नाही, पलंगावर झोपता येत नाही. याला मानसोपचारात 'होर्डिंग डिसऑर्डर' म्हणतात. रस्त्यावरच्या जाहिरातीच्या होर्डिंगशी याचा संबंध नाही. मराठीत आपण त्याला साठवणुकीचा विकार म्हणू. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेत हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. त्याआधी तो मंत्रचळ म्हणजे ओसीडीचाच एक भाग समजला जात असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो आहे.

वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांनुसार शंभरातल्या साधारण दोन-तीन लोकांना हा त्रास असतो. सुरुवात बहुधा अकरा ते पंधरा या वयात होते, पण तेव्हा आई-वडील घर आवरत असतात, म्हणून लक्षात येत नाही. वयाबरोबर तो वाढत जातो. म्हणूनच तो आपल्याला दिसतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांमध्ये. तो घराण्यातही चालत येतो. हा त्रास असलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक सांगतात की आपल्या नात्यात आणखी कोणीतरी असंच आहे.

पण आजार आणि साधी सवय यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. जी कारणं आजारात ठळक दिसतात, तीच थोड्या प्रमाणात आपल्या सगळ्यांच्या मनात असतात. ती एकेक करून पाहू.

"उद्या लागलं तर?"

सर्वांत मोठं कारण हेच. आज नको असलेली वस्तू उद्या लागेल आणि तेव्हा ती हाताशी नसेल, ही धास्ती. तुटलेला प्लग, एकच बाही असलेला रेनकोट, सुटे स्क्रू भरलेली बरणी. प्रत्येक वस्तूचा काहीतरी उपयोग मनात तयार असतो. या लोकांची कल्पनाशक्ती अनेकदा तल्लख असते. तुम्हाला जो फुटका टब दिसतो, त्यात त्यांना कोथिंबिरीचा वाफा दिसतो. अडचण अशी की तो वाफा कधीच तयार होत नाही आणि टब मात्र राहतो.

याच्याच जोडीला वस्तू वाया जाऊ नये ही जबाबदारीची भावना असते. आपल्या घरांत याला इस्राफची भीती म्हणतात. उधळपट्टी गुनाह आहे हे लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं, त्यामुळे काहीही टाकणं म्हणजे गुनाह असं वाटू लागतं. इथे थोडा विचार करायला हवा. पेटीत पंधरा वर्षं पडून कसर लागलेला स्वेटर कोणाच्याच अंगावर गेला नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या कुणाला तो वेळेवर मिळाला असता तर वाया गेला नसता. वस्तू घरात आहे म्हणजे ती वाया जात नाही, हा मनाचा एक भ्रम आहे.

वस्तूत अडकलेला माणूस

अब्बांचा चष्मा, त्यांची तसबीह, त्यांच्या पावत्यांची फाइल. दादीचा पानदान. परदेशी गेलेल्या मुलाची शाळेची दप्तरं. या वस्तू कोणी टाकायला काढल्या की छातीत धस्स होतं. मनाला वाटतं, वस्तू गेली की आठवण जाईल आणि आठवण गेली की तो माणूस दुसऱ्यांदा जाईल.

असं वाटणं स्वाभाविक आहे. बहुतेकांच्या बाबतीत काळाबरोबर दुःख निवळतं आणि एक-दोन वस्तूंमध्ये सगळी आठवण मावते. काहींच्या बाबतीत मात्र तसं होत नाही. शोहरच्या इंतकालानंतर त्यांचं एकही कापड न हलवणारी बाई हळूहळू नवीन येणारी प्रत्येक वस्तूही धरून ठेवू लागते. मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णांकडून अनेकदा हेच ऐकायला मिळतं की पसारा वाढायला सुरुवात झाली ती एखाद्या मृत्यूनंतर, तलाकनंतर, घर सुटल्यानंतर किंवा मोठ्या धक्क्यानंतर.

एकटेपणाचंही याच्याशी नातं आहे. मुलं पुण्याला, दुबईला, लंडनला. मोठ्या घरात एक-दोन म्हातारी माणसं. ज्या घरात माणसांची वर्दळ कमी होते, तिथे वस्तू सोबतीला येतात. वस्तू रागावत नाहीत आणि सोडूनही जात नाहीत. मग घर भरलं की पाहुण्यांना बोलावायची लाज वाटते, लोक येणं आणखी कमी होतं आणि एकटेपणा वाढतो. हे चक्र बाहेरून तोडल्याशिवाय सहसा तुटत नाही.

"माझं आहे" म्हणून महाग

हा स्वभाव फक्त आजारी माणसाचा नाही, हे दाखवणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर तो केला आणि १९९० साली प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या मुलांना एकेक साधा कॉफीचा मग भेट दिला. मग त्यांना विचारलं, हा किती किमतीला विकाल? ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारलं, किती किमतीला घ्याल? मग तोच होता, दुकानही तेच होतं. तरी ज्यांच्या हातात मग होता, त्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागितली. मग त्यांच्याकडे येऊन काही मिनिटंच झाली होती.

म्हणजे एखादी वस्तू 'माझी' झाली की मनात तिची किंमत वाढते. मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख मनाला जास्त बोचतं. काही मिनिटांच्या मगाबाबत हे घडत असेल, तर चाळीस वर्षं सांभाळलेल्या जहेजमधल्या स्टीलच्या भांड्यांबाबत काय होत असेल याची कल्पना करा. बोहारीण त्या भांड्यांकडे पाहून जो भाव सांगते, तो अम्मीला अपमान वाटतो. त्याचं कारण हेच.

निर्णयाची कोंडी

पसाऱ्याचं एक कारण आपल्या सहसा लक्षात येत नाही. टाकणं म्हणजे निर्णय घेणं. ठेवू की नको? कोणाला देऊ? कुठे ठेवू? हे ठरवण्यात काही लोकांचा मेंदू फार थकतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड टोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठवणुकीचा विकार असलेल्या लोकांना त्यांच्याच घरी टपालाने आलेले कागद आणायला सांगितले. मेंदूचं स्कॅन चालू असताना एकेक कागद दाखवून विचारलं, ठेवायचा की फाडायचा? 'फाडा' म्हटलं तर तो कागद खरोखर यंत्रात फाडला जाई. मधूनमधून दुसऱ्या कोणाचे तरी कागदही दाखवले गेले. दुसऱ्याच्या कागदाबाबत निर्णय घेताना या लोकांच्या मेंदूच्या ठरावीक भागांत इतरांपेक्षा कमी हालचाल दिसली. स्वतःचा कागद समोर आला की तेच भाग इतरांपेक्षा खूप जास्त पेटून उठले. हे भाग चूक होईल का, किती महत्त्वाचं आहे, धोका आहे का, अशा गोष्टींशी संबंधित आहेत. आपल्याला जो कागद रद्दी वाटतो, तो हातात धरल्यावर त्या माणसाच्या मेंदूत धोक्याची घंटा वाजत असते. त्या घंटेपासून सुटका एकाच मार्गाने मिळते. निर्णय पुढे ढकलायचा आणि कागद परत ढिगावर ठेवायचा.

म्हणूनच हे लोक दिवसभर आवरत असतात, तरी पसारा कमी होत नाही. वस्तू या ढिगातून त्या ढिगात जाते, एवढंच. घरच्यांना तो आळस वाटतो. प्रत्यक्षात तो माणूस दमलेला असतो. नैराश्य, चिंता किंवा लक्ष एकाग्र न होण्याचा त्रासही अनेकदा सोबत असतो.

गरिबीने माणूस साठवायला लागतो का?

"आम्ही ७२चा दुष्काळ पाहिलाय," असं म्हणणारे आजी-आजोबा महाराष्ट्रात घरोघरी आहेत. त्या वेळी सरकारी कामांवर खडी फोडून, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली ही पिढी. त्यांनी दोरीचा तुकडाही जपून ठेवला तर नवल नाही.

टंचाईचा मनावर परिणाम होतो याचा एक विलक्षण पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं हे शोधणं हा उद्देश होता. या तरुणांपैकी काही जण भूक वाढत गेली तसे पाककृतींची पुस्तकं, भांडी, शेगड्या जमवायला लागले. काहींनी तर अजिबात उपयोग नसलेल्या जुन्या वस्तूही गोळा केल्या. का करतोय, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. संशोधकांनी जेव्हा साठवणुकीचा विकार असलेल्या लोकांच्या बालपणाची चौकशी केली, तेव्हा पैशाच्या चणचणीशी त्याचा ठळक संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो धक्कादायक घटनांशी आणि जवळचं माणूस गमावण्याशी. गरिबीतून आलेली काटकसर माणसाला सहसा नीटनेटकं बनवते. ७२चा दुष्काळ पाहिलेल्या बहुतेक आजींच्या घरात प्रत्येक डब्याला ठरलेली जागा असते. तेव्हा "गरिबी पाहिलीय म्हणून असं करते" एवढ्यावर न थांबता, तिने काय आणि कोणाला गमावलं, हे विचारायला हवं.

सगळे मिळून साठवतात तेव्हा

२४ मार्च २०२०ची रात्र आठवा. आठ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला आणि काही मिनिटांत किराणा दुकानांसमोर रांगा लागल्या. ज्यांच्या घरी दोन महिन्यांचं पीठ होतं तेही रांगेत होते. परदेशात लोकांनी टॉयलेट पेपरचे गठ्ठे पळवले.

इथे दोन कारणं एकत्र आली. एक, समोरचा भरतोय म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार, हा समज. दोन, जेव्हा हातात काहीच नसतं तेव्हा काहीतरी हातात असल्याची गरज. विषाणूला थांबवणं आपल्या ताब्यात नव्हतं, पण पाच किलो साखर जास्त घेणं होतं. असं साठवणं संकट ओसरलं की थांबतं, म्हणून तो आजार नव्हे. पण त्याचा फटका गरिबाला बसतो. ज्याला रोजच्या कमाईवर रोजचा शेर घ्यावा लागतो, तो उशिरा दुकानात पोहोचतो आणि त्याला रिकामी फळी दिसते. त्याच दिवसांत अनेक मशिदींनी आणि मोहल्ल्यांतल्या तरुणांनी रेशनचे किट वाटले, हेही आपण पाहिलं. भीती एकच होती, पण तिला उत्तर देण्याचे मार्ग दोन होते.

धोका कधी सुरू होतो?

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात होमर आणि लँगली कॉलियर नावाचे दोन सुशिक्षित भाऊ राहत. आई-वडिलांच्या मागे दोघे घरात कोंडून घेऊ लागले. होमरची दृष्टी गेली. लँगली रोजची वर्तमानपत्रं साठवू लागला, कारण भावाला पुन्हा दिसायला लागलं की त्याला वाचता यावीत. चोरांच्या भीतीने त्याने ढिगांमध्ये सापळे रचले होते. मार्च १९४७मध्ये पोलिसांना होमरचा मृतदेह सापडला. लँगलीला शोधायला आणखी दोन आठवड्यांहून जास्त काळ लागला, आणि तो सापडला भावापासून अवघ्या काही फुटांवर. स्वतःच्याच सापळ्यातला ढीग त्याच्यावर कोसळला होता. तो मेल्यावर आंधळ्या भावाला अन्न देणारं कोणी उरलं नाही. त्या घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं, त्यात चौदा पियानो होते. लोकांनी त्या दोघांना वेडे म्हटलं. पण त्या वर्तमानपत्रांच्या ढिगामागे भावाचं प्रेम होतं.

इतकं टोक आपल्याकडे क्वचितच गाठलं जातं, पण धोका त्याच्या खूप आधी सुरू होतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात दहा वर्षांतल्या घरगुती आगींचा अभ्यास झाला. सामानाने खच्चून भरलेल्या घरांतल्या आगी एकूण आगींच्या एक टक्काही नव्हत्या, पण टाळता आले असते अशा मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा या घरांतला होता. आता भिवंडी, मालेगाव किंवा मुंबईतल्या चाळींमधल्या दहा बाय बाराच्या खोल्या डोळ्यांसमोर आणा. एकच दार, त्याच्या बाजूला गॅस सिलिंडर, वर माळ्यावर कापडाचे गठ्ठे. जिन्यात ठेवलेलं सामान फक्त आपलंच नाही, शेजाऱ्याचंही बाहेर पडणं अडवतं. वयस्कर माणूस रात्री वुजूला उठला आणि पिशवीत पाय अडकून पडला, तर कंबरेचं हाड मोडायला तेवढं पुरे.

दीन काय सांगतो आणि आपण काय समजतो

आपल्या घरांत दोन प्रकारचं सामान धार्मिक अदबीमुळे साचतं. पहिलं म्हणजे कागद. उर्दू वर्तमानपत्रं, निकाहच्या पत्रिका, जुनी कॅलेंडरं, मदरशाच्या वह्या, ज्यांच्यावर बिस्मिल्लाह किंवा आयती छापलेल्या असतात. रद्दीत देता येत नाही, म्हणून पिशव्या भरत जातात. या अदबीचा मान राखूनच मार्ग काढता येतो. अनेक मशिदींमध्ये अशा औराकसाठी वेगळी पेटी असते. तिथून ते दफन केले जातात किंवा वाहत्या पाण्यात 'ठंडे' केले जातात. पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याजवळ तर जबल-ए-नूर नावाच्या डोंगरात बोगदे खोदून कुरआनच्या जीर्ण प्रती जतन केल्या आहेत. आपल्या मोहल्ल्यात पेटी नसेल तर इमाम साहेबांशी बोला. महिन्यातून एकदा कोणी तरुण घरोघर जाऊन हे कागद गोळा करू शकतो.

दुसरं सामान मरहूम व्यक्तींचं. अब्बांची कपाटं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि आपल्याला वाटतं की हा त्यांचा आदर आहे. शरीअतनुसार माणूस गेल्यावर त्याच्या मालकीची प्रत्येक वस्तू तरका होते. कर्ज आणि वसीयत भागवल्यावर तिच्यावर सगळ्या वारसांचा हक्क येतो. मुलींचासुद्धा. कपाट बंद राहिलं म्हणजे तो हक्कही बंद राहिला. सर्वांच्या संमतीने वाटप करून, उरलेलं मरहूमच्या सवाबसाठी सदका करणं हा आदराचाच मार्ग आहे. अब्बांची शाल एखाद्या गरिबाच्या खांद्यावर आहे, हे कळलं की अनेक बायकांना ती हातातून सोडणं सोपं जातं. सूरह आल-इमरानमध्ये आपल्या आवडत्या गोष्टींतून खर्च करण्याची जी शिकवण आहे, तिच्यात मनाची ही ओढातानही गृहीत धरली आहे, असं वाटतं.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्याला खरोखर विकार आहे, त्याला दुनियेच्या मोहावरचं बयान ऐकवून बरं करता येत नाही. सूरह तकासुरचा हवाला देऊन अम्मीला लाजवलं, तर ती गप्प बसेल, पण भीती तिथेच राहील आणि वर गुनाहचं ओझं वाढेल.

घरच्यांनी काय करावं?

सर्वांत मोठी चूक ही : अम्मी उमराहला गेली, किंवा दवाखान्यात दाखल आहे, तेवढ्यात टेम्पो बोलावून घर रिकामं करायचं. हेतू चांगला असतो. "परत येईल तेव्हा खूश होईल." ती खूश होत नाही. तिच्यासाठी ही चोरी असते, तीही पोटच्या मुलांनी केलेली. या आजारावर काम करणारे तज्ज्ञ सांगतात की असं जबरीने रिकामं केलेलं घर बहुतेक वेळा पुन्हा भरतं. फरक एवढाच होतो की आता ती कोणाला आत येऊ देत नाही.

त्याऐवजी हे करून पाहा.

वस्तूंवरून भांडू नका, सुरक्षिततेवरून बोला. "किती कचरा केलाय" असं म्हणण्याऐवजी "अम्मी, रात्री तुम्ही इथे पडाल याची मला काळजी वाटते" म्हणा. पहिलं काम दारापासून पलंगापर्यंतची वाट, गॅसची जागा आणि गुसलखाना मोकळा करण्याचं. बाकीचं नंतर.

छोटी सुरुवात करा. एक खण, एक पिशवी, वीस मिनिटं. सोप्या वस्तूंपासून : मुदत संपलेली औषधं, सुकलेली पेनं. आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी. वस्तू तिच्याच हातात द्या आणि निर्णय तिलाच घेऊ द्या. ती म्हणाली "ठेव", तर ठेवा. निर्णय घ्यायची सवय लागणं हेच औषध आहे.

वस्तू कुठे जाणार हे ठरवा. 'टाकू' म्हटलं की मन अडतं, 'देऊ' म्हटलं की सैल होतं. शाळेची पुस्तकं मोहल्ल्यातल्या मुलांना, भांडी एखाद्या गरीब मुलीच्या संसाराला, ब्लँकेटं थंडीत फुटपाथवरच्या लोकांना. शक्य असेल तर तिला स्वतःच्या हाताने देऊ द्या. मात्र फाटकं-तुटकं दान करू नका. ते भंगारातच जायला हवं.

येणारा ओघ थांबवा. सेलमधली खरेदी, एकावर एक फ्री, गावाकडे न्यायला म्हणून घेतलेलं सामान. गल्फमधून येणाऱ्या मुलांनीही कार्टन भरण्याआधी फोन करून विचारावं, काय हवंय. बऱ्याचदा उत्तर असेल, "तू ये, बस."

मोबाइलचंही तेच आहे. जुमा मुबारकच्या हजारो इमेज, कोणी न पाहिलेले लग्नाचे व्हिडिओ. तिथे सराव करणं सोपं असतं, घरातल्या मुलांनी दादीसोबत बसून करून पाहावा.

डॉक्टरकडे कधी जावं?

खोल्या वापरता येत नसतील, सामानावरून नाती तुटत असतील, पडण्याचा किंवा आगीचा धोका असेल, किंवा वस्तू सोडण्याच्या नुसत्या विचाराने रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. उतारवयात अचानक कचरा गोळा करायला सुरुवात झाली, सोबत विसरभोळेपणा असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी लवकर करून घ्या. ते वेगळं दुखणं असू शकतं.

या विकारावर सर्वांत जास्त अभ्यासलेला उपचार म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याची समुपदेशन-पद्धत, जी सीबीटी या नावाने ओळखली जाते. रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी या अमेरिकन अभ्यासकांनी ती या आजारासाठी घडवली. तिच्यात तज्ज्ञ रुग्णासोबत बसून एकेक वस्तूबद्दल विचारतात : ही गेली तर नेमकं काय होईल? मग ती देऊन पाहतात आणि वाटलं होतं तेवढं वाईट खरंच झालं का, हे तपासतात. याला काही महिने लागतात. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यावर औषधं दिली जातात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. सुरुवात कुठून करायची हे तिथे विचारता येईल.

"लोक काय म्हणतील" म्हणून अनेक कुटुंबं दार लावून घेतात. साखरेच्या आजाराची गोळी आपण लपवत नाही, मग हे का लपवायचं? अम्मीने दिलेला एक डबा हा सहा महिन्यांच्या कष्टाचा निकाल असू शकतो. ती तो देईल तेव्हा "अजून किती बाकी आहे" असं म्हणू नका. तिच्या शेजारी बसा, चहा घ्या आणि तो डबा कुठून आला होता, हे तिला सांगू द्या.